‘छान’ म्हणायला बंदी

सर चांगले होते, असं लिहून मी सुरुवात केली असती, तर सरांनी तिथेच खोडलं असतं. चांगले म्हणजे कसे? कोणापेक्षा? तू किती पाहिलंस? म्हणून तसं लिहीत नाही. मी त्यांना एक सत्र पाहिलं, अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, कोपऱ्यातल्या त्या खोलीत, जिथला पंखा आवाज भरपूर करायचा आणि वारा मात्र कुठे तिसरीकडेच पाठवायचा. तेवढ्यावरून जे सांगता येईल तेवढंच सांगते.

मी बी.ए.ची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावात आमचं थोडं वावर आहे. आईबाबा भाजीपाला पिकवतात आणि आई बाजारात बसून तो विकते. मी आर्ट्स घेतलं त्यामागे फार मोठा विचार नव्हता. वर्गातल्या बहुतेकांचा नव्हता. विज्ञान मागे सोडून पळता यावं, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. पण नव्या धोरणाने आमची वाट अडवली. आर्ट्सच्या पोरांनीही विज्ञानाचा एक विषय घ्यायचा, त्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही. विषयाचं नाव होतं ‘दैनंदिन जीवनातील विज्ञान’. वेळापत्रकात ते नाव पाहून माझ्या हॉस्टेलवरची एक मुलगी रडली. मी रडले नाही, पण त्या दिवशी जेवण कमी गेलं.

पहिल्या तासाला सर आले ते घामाघूम होऊन. ते रोज अकोल्याहून यायचे, रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोने. बारीक अंगाचे, पन्नाशीकडे झुकलेले. शर्टाचा खिसा इतका भरलेला, की सगळा शर्ट डावीकडे ओढल्यासारखा दिसायचा. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं नाही. घाम पुसला आणि विचारलं, “या विषयाबद्दल तुमचं मत काय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अजून शिकवलंच नाही तर मत कसलं? शेवटच्या बाकावरून प्रफुल्ल उठला. तो वरूडचा, घरी संत्र्याच्या बागा. व्यापाऱ्याशी भाव करत मोठा झालेला मुलगा, त्यामुळे बोलायला कोणालाच भीत नाही.

“सर, खरं सांगू का? आमी सायन्स नोको म्हणूनच आर्ट घेतलं. अन् तुमी मागून आले.”

वर्ग हसला. मला वाटलं, आता याला बाहेर काढतात. सरांचा चेहरा मात्र उजळला.

“नको होतं, हे कशावरून?”

“कशावून म्हंजे?”

“पुरावा दे.”

प्रफुल्लने डोकं खाजवलं. “दहावीत सायन्समंधी काठावर पास झालो, सर. तेबी पेपर तपासणाऱ्याले दया आली म्हणून.”

“काठावर पास झालास, हा पुरावा. दया आली, हे मत. तू त्या माणसाला भेटला होतास?”

“नाई.”

“मग दया खोड.”

प्रफुल्ल हवेत बोट फिरवून दया खोडून खाली बसला. पुढे सत्रभर तो तसंच करायचा. बोलता बोलता काही जास्तीचं तोंडून गेलं की हवेत एक रेघ मारायची आणि गप्प बसायचं.

त्याच तासाला सरांनी कायदा सांगितला. दर महिन्याचा शेवटचा तास मतांचा. विषयाबद्दल आणि सरांबद्दल ज्याला जे वाटतं ते त्याने उभं राहून बोलायचं. फक्त काही शब्दांना बंदी. छान, मस्त, भारी, बोअर आणि ‘ठीक आहे’.

“छान कशात मोजतात?” सर म्हणाले. “लिटरमध्ये, का मीटरमध्ये? मोजता येत नसेल तर निदान दाखवता तरी आलं पाहिजे. नाही तर ते मत नाही, नुसती वाफ आहे.”

ज्याच्या तोंडून बंदीचा शब्द जाईल त्याने पुढचा आठवडाभर फळा पुसायचा. पहिल्या मतांच्या तासानंतर आमचा फळा इतका चकचकीत राहिला, की शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले.

मग बोलायची पाळी माझ्यावर आली. मला वर्गात उभं राहून बोलायची सवय नव्हती. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज अर्ध्यात संपायचा. मी म्हणाले, “सर, मला कालचा तास कळला नाही.”

“कुठपर्यंत कळला?”

मी खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. “तुम्ही दारातून आत आलात, तिथपर्यंत.”

वर्ग बाकं बडवून हसला. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. सर मात्र हसले नाहीत. “या महिन्यातलं सगळ्यात नेमकं मत,” ते म्हणाले, आणि कालचा तास त्यांनी दारापासून पुन्हा घेतला. खरंच दाराबाहेर गेले, आत आले आणि सुरू केलं. अर्ध्या तासाने विचारलं, “आता?” मी म्हणाले, “टेबलापर्यंत आले, सर.”

कॉलेजभर त्यांना सगळे ‘कशावरून सर’ म्हणायचे. ते वर्गापुरतं नव्हतं, हीच अडचण होती. फाटकाजवळचा चहावाला एकदा म्हणाला, “सर, आज दूध एकदम प्युअर हाय.” सरांनी विचारलं, “कशावरून?” त्या दिवसापासून चहावाला त्यांना कप देताना तोंड घट्ट मिटून ठेवायचा. एकदा प्राचार्यांना भेटायला गेले, तर दारावरचा शिपाई म्हणाला, “साहेब मीटिंगमंधी हायेत.”

“कशावरून?”

शिपाई साधा माणूस. म्हणाला, “घोरण्याचा आवाज येऊन राहिला, सर.”

एरवी सर पुस्तकी मराठी बोलायचे. आनंद झाला किंवा राग आला, की मात्र त्यांच्या तोंडात वऱ्हाडी यायची. आनंद जास्त वेळा व्हायचा. आम्ही चुकलो, की व्हायचा. ते स्वतः चुकले, की त्याहून जास्त. त्याचा पुरावा म्हणून उन्हाची गोष्ट सांगते.

अकोल्याच्या माणसाला आपल्या उन्हाचा फार अभिमान असतो. सरांनाही होता. मार्च उजाडला आणि आम्ही वह्यांनी वारा घेऊ लागलो, तेव्हा सर म्हणाले, “हे ऊन? तुमचं अमरावतीचं ऊन म्हणजे आमच्या अकोल्यातली सावली.”

मागून प्रफुल्लचा आवाज आला. “कशावून?”

सरांना त्यांचाच प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ते खडू हातात धरून तसेच उभे राहिले आणि मग टेबलावर थाप मारून ओरडले, “शाब्बास बे पोट्ट्या! आता आली मजा!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारखे दिसणारे दोन तापमापक आणले. एक आमच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात टांगला. दुसरा अकोल्यात त्यांच्या घराच्या ओसरीत. तिथे दुपारी वाचायचं काम सरांच्या आईकडे होतं. रोज ठरलेल्या वेळी सरांचा फोन वाजायचा, सर तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावायचे आणि आतून म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज यायचा. आकडा सांगून झाला की त्या न चुकता विचारायच्या, “त्याह्यचा किती आला?”

महिनाभर हे चाललं. काही दिवस अकोला वर, काही दिवस अमरावती. शेवटी सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘निकाल लागला नाही’, आणि घरातलं कोणी दगावल्यासारखा चेहरा करून खाली बसले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, “एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला संशय आहे, आई अकोल्याच्या बाजूने एखादा अंश वाढवून सांगत होती. म्हणजे निकाल लागला आहे, पोट्टेहो. फक्त मला तो सांगवत नाही.”

सरांच्या फुगलेल्या खिशात काय असतं, हेही त्याच उन्हाळ्यात कळलं. खडू वाकून उचलताना खिशातून सगळं खाली सांडलं. पेन, दोरा, छोटं भिंग आणि एक कांदा. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून बाहेर जाताना खिशात कांदा ठेवतात. माझे बाबा ठेवतात, प्रफुल्लचे काका ठेवतात. पण विज्ञानाच्या सरांच्या खिशात? घरंगळत आलेला कांदा प्रफुल्लने उचलला आणि फळ्याजवळ नेऊन दिला. नुसत्या भुवया वर केल्या.

“पुरावा नाही,” सर म्हणाले. “काढू.”

मग दोन आठवडे अर्धा वर्ग खिशात, पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत कांदा घेऊन फिरला आणि अर्धा वर्ग तसाच. वाचनालयातल्या बाईंनी आमच्या वर्गाला बसायला बंदी केली, इतका वास सुटला होता. शेवटी दिसलं असं, की ऊन कोणालाच लागलं नाही. कांदेवाल्यांना नाही, बिनकांदेवाल्यांना नाही.

“म्हणजे कांदा काम करतो, हे सिद्ध झालं नाही,” सर म्हणाले. “आणि करत नाही, हेही झालं नाही. असं लिहा. लाजू नका.”

“मंग सर, तुमी काहून ठेवता?” प्रफुल्लने विचारलं.

“आई संध्याकाळी विचारते, कांदा होता का सोबत. तिच्याशी खोटं बोलता येत नाही.”

असे ते होते. आता खरी गोष्ट.

एप्रिलच्या सुरुवातीला विभागप्रमुख मॅडम आमच्या वर्गात आल्या. तो तास सरांचा नव्हता. मॅडमनी दार लावून घेतलं, तेव्हाच कळलं की विशेष काही आहे. त्या म्हणाल्या, की बाहेरून एक समिती येणार आहे. आर्ट्सच्या मुलांना निवडायला विज्ञानाचे दोन विषय आहेत, त्यातला एकच पुढच्या वर्षी राहणार. कोणता ठेवायचा ते समिती मुलांना समोरासमोर विचारून ठरवेल. “तुमचे सर तासिकेवर आहेत,” मॅडम म्हणाल्या. “जेवढे तास, तेवढं मानधन. दर वर्षी नवी नेमणूक. विषय गेला, तर तास गेले. त्यांचं दुसरं काही नाही. मी काय म्हणते ते समजलं ना?”

समजलं होतं. जाता जाता त्या म्हणाल्या, “आणि कृपा करून त्या दिवशी ते ‘कशावरून’ वगैरे नको. सरळ छान म्हणा.”

त्या संध्याकाळी आम्ही कॉलेजमागच्या कडुनिंबाखाली जमलो. प्रफुल्लने सूत्रं हातात घेतली. कोणी काय बोलायचं ते वाटून दिलं. एकीने सरांच्या तळमळीबद्दल बोलायचं, एकाने वक्तशीरपणाबद्दल.

“वक्तशीर?” मी विचारलं. सरांची गाडी आठवड्यातून निम्मे दिवस उशिरा यायची.

“तू चूप राय वं,” प्रफुल्ल म्हणाला. “नोकरी वाचवायची हाय का खरं बोलायचं हाय?”

मला दोन्ही हवं होतं.

तालीम सुरू झाली. पहिली मुलगी उभी राहून म्हणाली, “आमचे सर अत्यंत तळमळीने शिकवतात.”

“तळमळ कशाने मोजली?”

आम्ही सगळे दचकलो. झाडाच्या पलीकडे सर उभे होते, हातात पिशवी. त्यांची गाडी सुटली होती आणि पुढच्या गाडीला वेळ होता. ते येऊन दगडावर बसले. “चालू द्या. पुढचा कोण?”

पुढचा मुलगा घाबरत उठला. “सर वेळेवर...” आणि थांबला.

“बोल ना! मी किती वाजता येतो? आज किती वाजता आलो?” सरांना आता राग आला होता, कारण ते वऱ्हाडीत शिरले. “अरे, साऱ्यांचं मत सारखं कसं आलं? चाळीस जणांनी मोजलं अन् आकडा एकच आला, तं समजायचं का मोजलं एकानंच अन् बाकीच्यानं उतरवलं. हे शिकवलं ना मी तुम्हाले? ते समितीवाले येडे हायेत का?”

“सर, नोकरी जाईन तुमची,” प्रफुल्ल म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मस्ती नव्हती.

सर पिशवी उचलत पुस्तकी मराठीत म्हणाले, “जाईल. पण तुम्ही खोटं बोललात, तर मी तिथेच उभा राहून खोडून काढीन. तेव्हा तुमचीही फजिती होईल. विचार करा.”

ते गेल्यावर प्रफुल्लने हवेत बोट फिरवून लांबलचक रेघ मारली. सगळी तालीम खोडली.

समिती आली त्या दिवशी वर्गात कुठून तरी एक कूलर आणून ठेवला होता. तिघेजण होते. अध्यक्ष बाई पुण्याकडच्या असाव्यात. कशावरून, तर बोलण्यावरून. सर भिंतीला टेकून उभे होते. विभागप्रमुख मॅडम दाराशी, हातातला रुमाल पिळत.

“या अभ्यासक्रमाविषयी तुमचं मत काय?” बाईंनी विचारलं.

पुढच्या बाकावरचा मुलगा घाईने उठला. “छान आहे, मॅडम.”

दुसरी उठली. “खूप छान आहे.”

बाईंनी मान हलवली. दुपारच्या जेवणानंतर माणूस जशी हलवतो तशी. त्यांनी बहुधा दिवसभर सगळ्या कॉलेजांत तेच ऐकलं होतं. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. मी नेहमीप्रमाणे पुढच्या मुलीच्या पाठीआड होते. “तू सांग.”

मी उठले. सरांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. म्हणाले, “मॅडम, मला हा विषय आवडला नाही.”

विभागप्रमुख मॅडमच्या तोंडून ‘अगं बाई’ असं काहीतरी निघालं.

“म्हणजे पहिले दोन महिने,” मी म्हणाले. “मला काही कळतच नव्हतं. मग सरांनी घरी जाऊन काहीतरी तपासून यायला सांगितलं. आमच्या गावात मोटारसायकलवर एकजण टॉनिक विकायला येतो. पालकाच्या भाजीवर फवारा, माल दुप्पट येतो म्हणतो. आई दर वेळी घ्यायची. मी आईला म्हटलं, एका वाफ्यावर मार, एका वाफ्यावर मारू नको.”

“मग? काय आढळलं?” बाई आता सरळ बसल्या होत्या.

“काही नाही, मॅडम. शेजाऱ्यांची बकरी एक वाफा खाऊन गेली.”

“कुठला?”

“तेही सांगता येत नाही. आम्ही खुणेला काड्या रोवल्या होत्या. काड्याही खाल्ल्या.”

समितीतला एकजण खो खो हसायला लागला. बाईंनी हसू दाबलं. “मग या विषयातून तुला मिळालं काय?”

“पुढच्या वेळी टॉनिकवाला आला, तेव्हा आई त्याला म्हणाली, ‘दुप्पट आला ते वावर दाखव. चाल, मी तुह्या गाडीवर बसतो.’ अन् खरंच बसायला निघाली. तेव्हापासून तो आमच्या घरावरून जात नाही. मागच्या रस्त्याने जातो.”

मी खाली बसले. आणि मग जणू धरणाचं दार उघडलं. प्रफुल्ल उभा राहिला. “मॅडम, माह्यीबी तक्रार हाय. गाडी लेट झाली का सर लेट. अन् मंग आमची मधली सुट्टी खातात.”

“सरांचं अक्षर वाचता येत नाही,” दुसरी म्हणाली. “फळ्यावर काय लिहिलंय ते आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो.”

“पेपरात गाईडमधला एकही प्रश्न येत नाही!”

“ते तर चांगलंच आहे ना?”

“चांगलं? कशावून चांगलं?”

“तू गाईड वाचून पास झालास, तुला आता त्यातलं एक तरी आठवतं का?”

“मले काय आठवते ते तू कशावून ठरवतं?”

बघता बघता वर्गात भांडण लागलं. ज्यांना विज्ञान नको म्हणून पळून यायचं होतं, ती चाळीस पोरं समितीला विसरून एकमेकांकडे पुरावा मागत होती. विभागप्रमुख मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. अध्यक्ष बाईंनी शेवटी टेबल वाजवलं. “हा विषय पुढच्या वर्षी असावा असं किती जणांना वाटतं? हात वर करा.”

सगळे हात वर गेले.

“इतक्या तक्रारी करून?”

“तक्रारी आपल्या जागी, मॅडम,” प्रफुल्ल म्हणाला. “विषय ठेवा, सरबी ठेवा. फक्त रेल्वेले सांगा.”

मला वाटलं, वाचले. सर वाचले. तेवढ्यात भिंतीजवळून सरांचा आवाज आला.

“मॅडम, या हातांना काही अर्थ नाही.”

“का?”

“मी समोर उभा आहे. मुलं भिडेने वर करणारच. मला बाहेर पाठवा आणि पुन्हा विचारा. आणि ते टॉनिकचं उदाहरण. एका बाईने एका विक्रेत्याला पळवलं, एवढ्यावरून माझा विषय चांगला ठरत नाही. कदाचित ती बाई मुळातच तशी असेल.”

मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. आपल्याच घरावर दगड मारतं का कोणी? पण सर शांतपणे बाहेर गेले आणि स्वतः दार लावून घेतलं. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा हात वर गेले. एक कमी होता. तो कोणाचा, ते मी सांगणार नाही. त्याने नंतर शपथेवर सांगितलं, की खांद्यात उसण भरली होती.

सरांना हे कळलं, तेव्हा ते खुशीत म्हणाले, “पाहा! एक उतरला की नाही? मी म्हटलं होतं.”

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लागला. विषय राहिला. आम्ही हॉस्टेलच्या व्हरांड्यात नाचलो. मग समितीचं म्हणणं हळूहळू झिरपत आमच्यापर्यंत आलं. मुलांची मतं स्पष्ट आणि प्रामाणिक आहेत, त्यांची दखल घ्यावी, असं समितीने सांगितलं होतं. कॉलेजने दखल घेतली. सगळी घेतली. उशीर होतो ना? मग शिक्षकाने मुख्यालयी राहावं, म्हणजे अमरावतीतच. अक्षर वाचता येत नाही ना? प्रश्न गाईडमधले नसतात ना? तेही बघू.

सरांना मुख्यालयी राहण्याबद्दल विचारलं, तेव्हा ते मॅडमना म्हणाले म्हणे, “तासाच्या मानधनात मुख्यालयी तासभर राहता येईल. बाकीचे तेवीस तास कुठे राहू?” शिवाय अकोल्यात आई एकटी होती. त्यांनी नेमणूक घेतली नाही.

नवे सर आले. ते कॉलेजच्या मागच्याच गल्लीत राहतात. घंटेच्या आधी वर्गात असतात. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. पेपरातला एकही प्रश्न गाईडबाहेर जात नाही. आमच्या सगळ्या तक्रारी दूर झाल्या. त्या वर्गापुढून जाताना नुसता खडूचा आवाज येतो. आत कोणी बोलत नाही, भांडत नाही. विषय आहे, सर नाहीत. आम्ही दोन्ही मागितले होते, त्यातलं एक मिळालं.

प्रफुल्ल दोन दिवस जेवला नाही. हे मत नाही, मेसवाल्या काकूंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. “सर लेट येतात, हे म्याच सांगतलं ना? चाल, फोन लावू. मले एकट्याले नाई होत.”

आम्ही फाटकाजवळ उभे राहून फोन लावला. प्रफुल्ल बोलायला गेला आणि त्याला काही सुचेना. शेवटी मीच म्हणाले, “सर, आमच्यामुळे तुमचं काम गेलं.”

“कोणी सांगितलं?” सरांच्या आवाजात गाडीचा खडखडाट मिसळला होता. “तुमच्यामुळे नाही. माझी गाडी उशिरा यायची, त्यामुळे गेलं. तुम्ही फक्त ते सांगितलं. दोन्हीत फरक आहे. आणि मी रिकामा नाही. बाळापूरच्या एका कॉलेजात तास मिळालेत. एसटीने जातो.”

“चांगलं आहे का सर तिथलं?” मी विचारलं.

“वाईट आहे,” सर म्हणाले. “फार वाईट. पोट्टे बोलतच नाहीत. दोन आठवडे झाले, जे विचारलं त्याला ‘हो सर’. काल मी मुद्दाम चुकीचं शिकवलं, तरी ‘हो सर’. मी एकटा किती ओरडू? तुम्ही दोघे शनिवारी या. तक्रार कशी करायची, ते त्यांना दाखवून द्या.”

प्रफुल्लने फोन ओढून घेतला. “सर, जेवण हाय का?”

“आईने रोडगे करायचं ठरवलं आहे.”

“मंग येतो.”

आम्ही शनिवारी पहाटे निघालो, अकोल्यात गाडी बदलली आणि बाळापूरला पोचलो. वर्ग भरलेला होता, चिडीचूप. सर शेवटच्या बाकावर जाऊन मुलांमध्ये बसले, हाताची घडी घालून. प्रफुल्लने आधी दहा मिनिटं बोलून सगळ्यांना हसवलं, पण हसण्यापलीकडे कोणी काही बोललं नाही. मग त्याने मला पुढे ढकललं.

मी सुरुवात केली. मत म्हणजे काय, ते का द्यायचं, न घाबरता कसं द्यायचं. वाक्यं मी गाडीत पाठ केली होती. मी बोलत गेले. समोरची मुलं माना हलवत गेली. मला वाटलं, झालं, हीसुद्धा ‘हो ताई’ म्हणणार.

तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. माझ्यापेक्षा बारीक, माझ्यापेक्षा घाबरलेली. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“ताई, राग नका मानू,” ती म्हणाली. “तुमी लय हळू बोलता. मले इथपर्यंत काईच ऐकू आलं नाई.”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. शेवटच्या बाकावर सर ताडकन उभे राहिले होते. ते त्या मुलीकडे पाहत राहिले, आणि त्यांचा सगळा चेहरा हसत होता.

मी घसा साफ केला, दोन पावलं पुढे आले आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा, मोठ्याने सुरू केलं.